रोज खिशात ठेवायला बारीक, हलका घडीचा चाकू: कुठला घ्यावा?

खिसापाकीट | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार,

मागच्या महिन्यात विमानतळावर माझा चाकू गेला. चूक सर्वस्वी माझी. पाठीवरच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता, चेक-इनच्या बॅगेत टाकायचा राहून गेला. तपासणीवरच्या जवानाने तो उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाजूच्या डब्यात सोडला. डब्यात आधीच कात्र्या, पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि चक्क एक बत्ता. (केबिनमध्ये बत्ता कोण नेतं हो?)

गेला तो व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा हंट्समन. लाल, ९१ मि.मी. लांब. कात्री, करवत, बूच काढायचा मळसूत्र, आकडा, सगळा संसार. बारा वर्षांत करवत दोनदा उघडली, त्यातली एकदा भाच्याला दाखवायला. वजन शंभर ग्रॅमला जरासं कमी, जाडी दोन सेंटिमीटर. बसलं की मांडीला टोचायचा, म्हणून तो खिशातून पिशवीत गेला. पिशवीत गेला म्हणून लक्षातून गेला. लक्षातून गेला म्हणून डब्यात गेला.

त्यामुळे या वेळी उलट्या बाजूने सुरुवात करतोय. चाकूत काय काय आहे ते नंतर बघू, आधी तो खिशात आहे हे मला जाणवता कामा नये.

गेले तीन आठवडे 'इथे चाकू हवा होता' असे प्रसंग वहीत टिपून ठेवले. कुरिअरचे खोके ११ वेळा, फळं ९ वेळा (त्यात पेरू ५), सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी ६, लेकीची रंगीत पेन्सिल २ (शार्पनरमध्ये शिसं मोडतं), नव्या शर्टाचा टॅग १. करवत ०. मळसूत्र ०, आणि आमच्या घरात ते शून्यच राहणार.

तर हवंय असं: जाडी १० मि.मी.च्या आत, वजन ५० ग्रॅमच्या आत, पातं सहा-सात सेंटिमीटर, फळ कापताना तडकू नये, आणि ऑफिसात टेबलावर काढला तर शेजारच्या कुलकर्णी मॅडम दचकू नयेत. तीन हजारांपर्यंत खर्च करीन. डोळ्यासमोर लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल, ६ किंवा ७ नंबरचा, आहे, व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट किंवा बँटम आहे, आणि एक क्लिपवाला चिनी लायनर लॉक (उघडल्यावर मुठीतली पट्टी सरकून पातं अडकवते तो). ज्यांनी खरोखर रोज बाळगलाय त्यांनी सांगा. व्हिडिओ मीही पाहिलेत.

उपद्व्यापी | सोमवार, रात्री १०:५२

स्टेशनरीच्या दुकानात वीस रुपयांचा कटर मिळतो. धागा बंद करा.

खिसापाकीट | सोमवार, रात्री ११:०५

@उपद्व्यापी, त्याच कटरने पेरू कापून खा आणि कळवा. पात्याला गंज लागू नये म्हणून तेल फासलेलं असतं. शिवाय ते पातं तुकडे पडण्यासाठीच खाचा पाडून बनवलंय. खोक्याला उत्तम. फळाला नको रे बाबा.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री ११:२०

पाच वेळा पेरू लिहिला भाऊ, संत्र्याचा पत्ताच नाही. बरोबर आहे म्हणा, ज्या संत्र्याला चाकू लागते ते संत्रंच नाही. पुण्यातले लोक पेरू पण चाकूनं खातात हे आजच समजलं. बाकी घ्या तुम्ही एखादा दमदार. रात्री-बेरात्री कामी येते.

कलमवाला | मंगळवार, सकाळी ६:१५

दापोलीकडे आमची नर्सरी आहे, हातात दिवसभर चाकूच असतो. तीन गोष्टी सांगतो, पैसे वाचतील.

पहिली. आमचा कलमाचा चाकू कुणी सुचवला तर घेऊ नका. कलमाला काप एका ओढीत सपाट यावा लागतो, नाहीतर खुंट आणि काडी नीट चिकटत नाहीत. म्हणून त्या पात्याला एकाच बाजूने धार असते. काडीला तो सोन्यासारखा चालतो. फळाला लावलात की पातं एका अंगाला पळतं आणि फोड एकीकडे जाड, एकीकडे पातळ. घरात हिने एकदा कैऱ्यांना लावला आणि 'हे कसलं हत्यार' म्हणून परत दिला.

दुसरी, ओपिनेल. माझ्याकडे ७ नंबर आहे, कार्बन पोलादाचा. धार अशी येते की बघत राहावं. पण मूठ बीचच्या लाकडाची आणि पातं बसतं ते त्या लाकडातल्या चिरेत. जूनचा पहिला आठवडा उलटला की लाकूड फुगतं आणि पातं अस्सं घट्ट पकडतं की नख तुटेल पण उघडणार नाही. तो ज्या भागातला आहे, फ्रान्सचा सॅव्हॉय, तिथले लोक म्हणे मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, म्हणजे पातं थोडं वर येतं. मी चिऱ्याच्या गडग्यावर ठोकायचो. शेवटी पॉलिश पेपर घडी करून चिरेत फिरवला, आत जवसाचं तेल जिरवलं, दोन दिवस सावलीत वाळवला. आता सप्टेंबरपर्यंत कुरकुरत का होईना उघडतो.

तिसरी, कैरी. कार्बनचं पातं पहिल्याच कैरीला निळं-काळं पडतं आणि पहिल्या दोन-चार फोडींना लोखंडाची चव लागते. लोणच्याला चालून जाईल, पाहुण्यांना देऊ नका. महिनाभरात तो काळेपणा सगळीकडे सारखा बसतो, मग चवही येत नाही आणि तांबडा गंजही लवकर धरत नाही. पण तोवर घरच्यांची बोलणी खावी लागतात. स्टेनलेसमध्येही मिळतो, तो घ्या. फुगण्याला मात्र त्यात इलाज नाही, लाकूड तेच.

खिसापाकीट | मंगळवार, सकाळी ९:३०

@कलमवाला काका, हे सोनं आहे. पुण्यात पाऊस तुमच्याइतका नाही, पण स्कूटरवर खिसा भिजतोच. ओपिनेल एक पायरी खाली सरकला. वाईट वाटतं, कारण पैशाच्या मानाने इतकं पातळ पातं दुसरीकडे मिळत नाही. १८९० पासूनचा घाट आहे तो, आणि मुठीच्या तोंडाशी फिरवून पातं अडकवायचं कडं आलं १९५५ मध्ये. त्याआधी लोक नुसत्या घट्टपणावर भागवत होते.

पोलादपुरी | मंगळवार, सकाळी ११:४८

चर्चेत स्टीलचा विषयच नाही म्हणून आश्चर्य वाटलं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणाच्या मापात ५६ एचआरसीच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने मऊ. त्याच पैशांत १४सी२८एन स्टीलचा, ६० च्या आसपास कडक केलेला लायनर लॉक मिळतो. बॉल बेअरिंग, एका हाताने उघडतो, क्लिप, लॉक. शंभर वर्षांपूर्वीच्या तंत्रावर पैसे कशाला घालायचे?

निसणा | मंगळवार, दुपारी १:१०

@पोलादपुरी, स्टील चांगलंच आहे, वाद नाही. पण आकड्यात एक गोष्ट दिसत नाही: पातं धारेच्या मागे किती जाड आहे. त्या लायनर लॉकचं पातं बहुधा तीन मि.मी. असेल, अंग भरलेलं. छोट्या व्हिक्टोरिनॉक्सचं दोन किंवा त्याहून कमी. आता दोन्हींनी एकच कडक सफरचंद कापा. जाड पातं अर्ध्यापर्यंत जातं आणि मग फळ 'टच्च' करून तडकतं, कारण पाचर ठोकल्यासारखं होतं. पातळ पातं शेवटपर्यंत कापत जातं, फोडीचा काप काचेसारखा निघतो. ६० एचआरसीची पाचर शेवटी पाचरच.

दुसरं म्हणजे मऊ स्टील लवकर बोथट होतं हे खरं, पण लवकर धारही धरतं. चहाचा चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली गोल कड असते तिच्यावर पातं दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा हलक्या हाताने ओढा. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून बघा. ऑफिसात दोन मिनिटांत होतं. फक्त कप स्वतःचा घ्या.

अगदीच धार गेली तर हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, त्याची बारीक बाजू. कोन कळत नसेल तर धारेच्या कडेला मार्करने काळी रेघ मारायची, दगडावर एकदा ओढायचं, शाई कुठली गेली ते बघायचं. वरची गेली तर पातं फार आडवं, नुसतं टोक चमकलं तर फार उभं. दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे मात्र हा चाकू देऊ नका. विळीला त्याचा हात चांगला, पण चाकावर हे पातळ पातं क्षणात निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.

पोलादपुरी | मंगळवार, दुपारी २:०२

पाचरीचा मुद्दा मान्य. सगळेच लायनर लॉक जाड नसतात, पण बहुतेक असतात हेही मान्य. क्लिपबद्दल बोला मग.

लोकल_८_५२ | मंगळवार, दुपारी २:३०

क्लिपबद्दल मी बोलतो. दीड वर्ष वापरला. डोंबिवलीहून ८:५२. गर्दीत क्लिप शेजारच्याच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकली आणि चाकू खिशातून अर्धा बाहेर. मी बंदच चाकू परत आत ढकलतोय आणि समोरचे तीन जण माझ्याकडे बघतायत. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दिवशी क्लिपचे तीन स्क्रू काढले. क्लिप काढल्यावर तो खिशाच्या तळाशी आडवा पडायला लागला, आणि मग त्याची जाडी जाणवायला लागली. पुढे तो घरी ड्रॉवरमध्ये गेला. धागाकर्त्याचं 'खिशातून पिशवीत' वाचून हसलो, आमचं 'खिशातून ड्रॉवरमध्ये'.

डावखुरी_सई | मंगळवार, दुपारी ४:१५

आता आमचं ऐका. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात हा वेगळा धागा होईल, म्हणून पर्समध्ये. पर्समध्ये जाडीचं काही नाही, उघडण्याचं आहे.

या सगळ्या स्प्रिंगच्या (म्हणजे लॉक नाही, पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं अशा) चाकवांना पातं उघडायची नखाची खाच एकाच बाजूला असते, उजव्या हाताच्या लोकांच्या सोयीची. मी डावखुरी. म्हणजे मला चाकू उलटा धरून उघडायचा, मग हातात फिरवायचा. शिवाय स्प्रिंग नवी असताना इतकी कडक की माझी दोन नखं गेली. लायनर लॉकची पट्टीही उजव्या अंगठ्यासाठीच. ओपिनेलला स्प्रिंगच नाही, त्यामुळे मी खाच सोडून सरळ पातंच चिमटीत धरून उघडते. (कडं आधी फिरवायचं विसरलात तर जोर लावून काही उपयोग नाही, हे अनुभवाने सांगते.) पावसाळ्यात कलमवाले म्हणतात तसा त्रास होतो, पण मी ठाण्यात तो डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवते. हसू नका, चालतं.

@खिसापाकीट, उजवे असाल तर प्रश्नच नाही. पण घरात लेक डावखुरी असेल तर तिच्या हातात देण्याआधी विचार करा.

खिसापाकीट | मंगळवार, संध्याकाळी ५:००

सई, लेक उजवी आहे, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बारा वर्षं तो चाकू वापरला आणि खाच एकाच बाजूला आहे हे आज कळलं.

वकीलसाहेब | मंगळवार, रात्री ९:४५

वरच्या कलमवाल्यांचं कलम वेगळं, माझं वेगळं.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं त्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. तुमचा सात सेंटिमीटरचा चाकू त्यापासून फार लांब आहे. म्हणून कोयता शेतात चालतो आणि तलवार बैठकीत चालत नाही.

पण इथे लोक थांबतात आणि तिथेच फसतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). सण, निवडणूक, मोर्चा असं काही असलं की आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. पेपरात चौकटीत येतो, कुणी वाचत नाही. त्यात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, लाठ्या यांच्या जोडीला सुरेही असतात, आणि इंचांचा हिशेब नसतो. आदेश मोडला तर कलम १३५. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत 'पातं तर फक्त अडीच इंच आहे साहेब' हा युक्तिवाद चौकीत करू नका. त्या दिवशी चाकू घरी ठेवा.

@वऱ्हाडी_ठेचा, 'रात्री-बेरात्री कामी येते' हे वाक्य तुम्ही विनोदाने लिहिलंत हे मला समजलं. हवालदाराला समजेलच असं नाही. खिशातला चाकू पेरू कापायला आहे की माणूस, हे ठरवताना तुमचंच बोलणं पुढे येतं. आणि खरं सांगायचं तर या बोटभर घडीच्या चाकूने स्वतःचं रक्षण करायला गेलात तर पहिली बोटं तुमचीच कापतील, कारण स्प्रिंगच्या चाकूला लॉक नसतं.

बटण दाबून फटकन उघडणारे तर घेऊच नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेपासून अशा चाकवांच्या किती केसेस चालल्यात बघा. रामपुरीचं नाव ज्यामुळे बदनाम झालं तो हाच प्रकार. उत्तर प्रदेशातल्या त्या रामपूर गावात २०२३ मध्ये चौकात वीस फुटांचा चाकू उभारला, चौकाचं नावच चाकू चौक. खिशातल्या रामपुरीचं मात्र तिथेही कौतुक होणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री १०:०१

शब्द मागे घेतो वकीलसाहेब. रात्री-बेरात्री पेरू कापायच्या कामी येते असं वाचा.

लीड्सची_माई | बुधवार, मध्यरात्री १:२०

आमच्याकडे, म्हणजे इंग्लंडात, हे सगळं इंचात बांधून दिलंय. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम १३९: घडीचा चाकू, धार तीन इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटर, एवढा असेल तर कारण न देता बाळगता येतो. पण पातं अडकणारं नको. लॉक असलेला चाकू हा 'घडीचा खिशातला चाकू' धरायचा नाही असं न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलंय. म्हणजे तुम्ही लोक ज्याला सुरक्षित म्हणता तो लॉकच इथे अडचणीचा. लॉकवाला घेऊन फिरायचं तर सबळ कारण दाखवावं लागतं.

माझ्याकडे ओपिनेल ५ आहे, कारण कडं ६ नंबरपासून पुढे येतं, ५ ला नाही. पातं सहा सेंटिमीटर. मी भाजीच्या वाफ्यावर मेथी, कोथिंबीर कापायला नेते. इथलं हवामान म्हणजे बाराही महिने तुमचा जून, त्यामुळे फुगण्याचं दुःख मला कलमवाल्यांहून जास्त कळतं. भारतातून कुणी इकडे येत असेल आणि चेक-इनमध्ये आवडता लायनर लॉक आणणार असेल तर तो बॅगेतच राहू दे, खिशात घालून बाहेर पडू नका. आमच्या एका पाहुण्यांना हे सांगेपर्यंत ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन परत आले होते. काही झालं नाही, पण मला मात्र धडधडलं.

मुक्काम_ओसाका | बुधवार, सकाळी ८:४०

बारीक म्हणताय आणि हिगोनोकामीचं नाव नाही? मी चार वर्षं जपानात होतो. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हा चाकू. मूठ म्हणजे पितळेचा किंवा लोखंडी पत्रा नुसता दुमडलेला, त्यात पातं. स्प्रिंग नाही, लॉक नाही. पात्याच्या मागे एक शेपटी बाहेर येते, कापताना अंगठा तिच्यावर दाबून धरायचा, बस. एकेकाळी तिथली शाळकरी पोरं याने पेन्सिली तासायची. खिशात पट्टी ठेवल्यासारखा बसतो. यातल्या भारी चाकवांत 'आओगामी' म्हणजे निळ्या कागदाचं पोलाद असतं. पोलाद निळं नव्हे, कारखान्यातून येताना त्यावर निळा कागद गुंडाळलेला असतो म्हणून ते नाव.

तोटे: गंजतो, तळहाताला पितळेचा वास येतो, आणि शेपटी सरकली तर खिशात उघडू शकतो. माझी एक पँट गेली.

खिसापाकीट | बुधवार, सकाळी ९:१५

ओसाकाकर, पहिल्या परिच्छेदाला मी जवळपास विकत घेतला होता. शेवटच्या वाक्याला थांबलो.

आदोळी | बुधवार, सकाळी ११:००

गोव्यातून सांगते, फळं-भाजी सगळं बसून आदोळीवर, तुमच्या भाषेत विळीवर. आमच्या घरात चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर भांडण होतं म्हणतात. नवऱ्याला वाढदिवसाला छोटा लाल चाकू दिला, ५८ मि.मी.चा क्लासिक, तर सासूबाईंनी त्याच्याकडून एक रुपया घेऊन माझ्या हातात ठेवला, म्हणजे तो 'विकत घेतलेला' झाला. भांडणं तरीही होतात, पण चाकूवरून नाही.

तो क्लासिक वीस-बावीस ग्रॅमचा आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. खोके, धागे, गोळ्यांची पाकिटं उत्तम. आंब्याला उपयोग शून्य, पातं बाठ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

निसणा | बुधवार, दुपारी १२:३०

@खिसापाकीट, तुमच्या वहीतल्या नोंदीवरून माझं मत: अ‍ॅलॉक्सचा ८४ मि.मी. आकार. अ‍ॅलॉक्स म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅनोडायझिंग करून ठसे उठवलेली पट्टी, लाल प्लास्टिकपेक्षा पातळ. यातला हिशेब सोपा आहे: अवजारांचा एक थर वाढला की जाडी तीनेक मि.मी.ने वाढते. हंट्समन चार थरांचा होता म्हणून मांडीला टोचायचा. बँटम एका थराचा: एक पातं, आणि समोर बाटली-डबा उघडायचं नि स्क्रू फिरवायचं एक जोडअवजार. कॅडेट दोन थरांचा: पातं, नखं घासायची कानस, डब्याचं एक, बाटलीचं एक, शिवाय कडी.

बँटम सगळ्यात बारीक, पण कडी नाही, दोरी बांधता येत नाही. तुम्ही वस्तू विसरणारे आहात हे तुमच्याच तोंडून कळलंय, तेव्हा कॅडेट.

आणि तेल. खोबरेल घालू नका! उन्हाळ्यात ठीक, पण पुण्यात डिसेंबरला बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं बिजागरीतलंही थिजतं आणि चाकू अडखळतो. शिलाई मशीनचं तेल एक थेंब. फळांना चालवायचं असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खिशातला कापसासारखा भुगा बिजागरीत जमतो, तो महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश लावून काढायचा, फडक्याने पुसून उघडाच पंख्याखाली ठेवायचा.

उपद्व्यापी | बुधवार, दुपारी १२:४१

एवढी निगा मी स्वतःची घेत नाही.

पोलादपुरी | बुधवार, दुपारी १:१५

कॅडेटला माझाही पाठिंबा, नाइलाजाने. एक बातमी मात्र वाचून ठेवा. २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनीच सांगितलं की बिनपात्याच्या हत्यारावर काम चालू आहे, देशोदेशीच्या कायद्यांमुळे. स्विस सैन्यासाठी १८९१ पासून चाकू देणारी कंपनी, आणि चाकूतून चाकूच काढणार.

कलमवाला | बुधवार, संध्याकाळी ७:३०

मग काय राहील, कानस?

खिसापाकीट | चार आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:२०

सगळ्यांचे आभार. घेतला. कॅडेट, चंदेरी अ‍ॅलॉक्स. अहवाल देतो, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४६ ग्रॅम. शर्टाच्या खिशात ठेवला तर खिसा थोडा ओघळतो, पँटच्या पुढच्या खिशात रुमालाखाली ठेवला तर खरंच कळत नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा खिसा चाचपून बघितला, हरवला की काय म्हणून. त्यावर शिंप्याकडून खिशाच्या आतल्या शिवणीला एक नाडीची गाठ बांधून घेतली आणि कडी तिला अडकवली. नाडी आहे पांढरी, पायजम्याची. सौंदर्य म्हणून काही नाही, पण चाकू बाहेर काढला की नाडी ताणली जाते, आणि परत ठेवल्याशिवाय उठताच येत नाही.

स्प्रिंग सई म्हणाली तशीच कडक होती. आठवडाभर टीव्हीसमोर उघड-मीट केली, आता सैल झालीय. बायकोने शेवटी टीव्हीचा आवाज वाढवला.

सफरचंद: तडकत नाही. पेरू: बियांपर्यंत एका ओढीत. आंबा: अर्धवट. सहा सेंटिमीटरच्या पात्याने हापूसच्या दोन बाजूंच्या फोडी निघतात, पण मोठ्या फळाला पातं आरपार जात नाही, फिरवून घ्यावं लागतं आणि रस मनगटापर्यंत येतो. आंब्याला विळीच. खोक्याची चिकटपट्टी कापल्यावर पात्यावर डिंकाचा थर बसतो, आणि त्याच पात्याने नंतर पेरू कापला तर पेरूला खोक्याचा वास. आता खोक्यांना कानशीचं टोक वापरतो, पातं फक्त खाण्यासाठी. ती कानस मी निरुपयोगी समजत होतो.

मेट्रोच्या तपासणीत एकदा ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगितला. बाईंनी उघडून बघितला, बाटलीचं अवजार बाहेर काढलं, 'ओपनर आहे' असं शेजारणीला सांगितलं आणि परत दिला. दर वेळी असंच होईल अशी आशा मी ठेवत नाही. मिरवणुकीच्या दिवशी वकीलसाहेबांची आठवण ठेवून घरी ठेवला. कुलकर्णी मॅडम दचकल्या नाहीत. उलट आता त्यांचे खोकेही माझ्याकडेच येतात.

काल भाचा आला होता. नवा चाकू हातात घेऊन सगळं एकेक उघडून बघितलं, मोजलं, पुन्हा मोजलं.

"मामा, करवत कुठाय?"

"नाहीये यात."

"मग झाड कसं तोडणार?"

कलमवाला | रविवार, सकाळी १०:४५

भाच्याला सुट्टीत इकडे पाठवा. करवत देतो, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्रीही देतो, आणि तोडायचं कुठलं नि ठेवायचं कुठलं तेही दाखवतो.

उपद्व्यापी | रविवार, सकाळी १०:५८

वीस रुपयांच्या कटरला अजूनही तोड नाही. पण तो पेरू मी खाऊन बघितला. तुम्ही म्हणता तेच. तेल.